थंड देशाच्या गाड्या

दौलत खोत शारजाला आला तेव्हा त्याला थंडी फारशी ठाऊक नव्हती. देवरुखच्या पलीकडं त्याची वाडी. पौषात पहाटे तिथं दव पडायचं, म्हातारी माणसं अंगणात शेकोटी करायची आणि ऊन वर आलं की थंडी होती हेच विसरायची. बर्फ त्यानं पाहिला होता तो चिपळूणच्या मासळी बाजारात, भुशात गुंडाळलेला. चिपळूणलाच एका ट्रक गॅरेजात तो डिझेल इंजिनं खोलायचं काम करायचा, आणि तिथूनच वासुदेव नाचण्यानं त्याला उचललं.

वासुदेव लांज्याकडचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या ट्रकांचं एक यार्ड होतं, तिथं तो फोरमन होता. सुट्टीवर आला की गावात पांढरे बूट घालून फिरायचा आणि कुणाला न्यायचं, कुणाला नाही ते ओट्यावर बसून ठरवायचा. दौलतचं काम त्यानं गॅरेजात उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, हा पोरगा मला पाहिजे. ब्याण्णव साली व्हिसा आला. निघायच्या दिवशी दौलतच्या वडिलांनी, स्वतः थोरले असून, वासुदेवपुढं हात जोडले. दौलतची बायको नर्मदा दारात लेकीला, रंजिताला, कडेवर घेऊन उभी होती. "आता हा माझा भाऊच," वासुदेव म्हणाला, आणि ते सगळ्यांना खरं वाटलं. दौलतलाही.

पहिली दोन-तीन वर्षं खरंच तसं चाललं. दौलत वासुदेवचा माणूस म्हणून ओळखला जायचा. कामगारांच्या कॅम्पात चांगली खाट त्याला मिळायची, गच्चीवर पत्रे धुवायचं काम दुसऱ्याला लागायचं. वासुदेवची जीभ तिखट होती. यार्डात नूरुद्दीन नावाचा पाकिस्तानातल्या चित्रालचा एक वेल्डर होता, एका कानानं कमी ऐकायचा. वासुदेव मुद्दाम त्याच्या बहिऱ्या बाजूनं हाक मारायचा, आणि त्यानं ऐकलं नाही की मागून जाऊन त्याच्या टोपीवर टपली मारायचा. सगळे हसायचे. दौलतही हसायचा. पुढं कितीतरी वर्षांनी त्याला ते हसणं आठवायचं, पण त्या वेळी त्यात काही वाईट आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

यार्डाचे मालक यूनुसभाई, मूळचे भटकळचे. जपानातून, जर्मनीतून वापरलेले ट्रक बोटीनं यायचे. इथं त्यांचं इंजिन पाहायचं, रंग मारायचा आणि गिऱ्हाईक मिळेल त्या देशात पाठवायचे. रशिया फुटला तशी तिकडची माणसं दुबईला खरेदीला यायला लागली. देराच्या हॉटेलांत उतरायची, पोती भरभरून कपडे आणि टीव्ही न्यायची. त्यातलाच एक कझाकस्तानचा बेकझान. रुंद तोंडाचा, कमी बोलणारा. तो ट्रक घ्यायचा. पहिल्या हिवाळ्यानंतर तो परत आला तो भडकूनच. गाड्या चांगल्या आहेत, पण सकाळी सुरूच होत नाहीत, ड्रायव्हर लोक इंजिनाखाली जाळ करतात, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. यार्डातल्या कुणालाच ते नीट कळेना. कळलं ते नूरुद्दीनला. त्याच्या गावात बर्फ पडायचा. तो म्हणाला, तिकडच्या थंडीत इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरी बिचारी काय करणार.

मग यूनुसभाईंनी कॅनडाहून ब्लॉक हीटर मागवले. वस्तू छोटी. मुठीत मावेल असं तांब्याचं एक वेटोळं, त्याला मागं पितळेचं बूड आणि बुडाला लांब काळी वायर. इंजिनाच्या अंगावर गोल पत्र्याची झाकणं ठोकलेली असतात. त्यातलं एक काढायचं, त्या भोकात हे वेटोळं बसवायचं, म्हणजे ते आतल्या कूलंटमध्ये बुडून राहतं. वायर पुढच्या जाळीपर्यंत आणून सोडायची. ड्रायव्हरनं झोपण्याआधी ती घराच्या प्लगमध्ये लावली की सकाळी इंजिन कोमट असतं आणि एका झटक्यात सुरू होतं.

सांगायला सोपं, करायला किचकट. आधी सगळं कूलंट काढून टाकायचं. झाकणाच्या कडेला पंच लावून हलका ठोका द्यायचा, म्हणजे ते भोकातच आडवं होतं, मग पक्कडीनं ओढायचं. जोरात ठोकलं तर आत पडतं आणि बसा हुडकत. भोकाची कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची, वेटोळं आतल्या बिडाच्या भिंतीला टेकू द्यायचं नाही, टेकलं तर जळतं. आणि ही झाकणं कुठं? स्टार्टरच्या मागं, चासीच्या आड, जिथं माणसाचा हात जात नाही. दौलतचा जायचा. मनगट बाईसारखं बारीक, बोटं लांब. डोळे मिटून, गाल चासीला टेकवून तो नुसत्या बोटांनी भोक चाचपायचा आणि हीटर बसवायचा. बाकीचे दोघंतिघं एका गाडीला दिवस लावायचे, दौलत जेवणाच्या सुट्टीआधी मोकळा. बेकझान त्याच्याजवळ पेटी पालथी घालून बसायचा आणि नुसता बघत राहायचा. जाताना एकदा त्यानं दौलतच्या हातात सुकवलेल्या जर्दाळूंची पिशवी ठेवली. वासुदेवला काही दिलं नाही.

तिथून वासुदेवचं बिनसलं. यूनुसभाई आता ऑफिसच्या दारातून "दौलत को बुलाओ" म्हणायला लागले होते. पूर्वी ते फक्त वासुदेवला हाक मारायचे. वासुदेव तोंडावर काही बोलला नाही. दौलतची खाट दारापाशी गेली, जिथं एसीचा वारा पोचत नव्हता. भर दुपारी उन्हात तापलेल्या गाड्या त्याच्याच वाट्याला येऊ लागल्या. इंजिन थंड व्हायच्या आधी कूलंट काढ म्हणून वासुदेव डोक्यावर उभा राहायचा. दौलतच्या कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. जेवताना सगळ्यांसमोर वासुदेव नर्मदेचा विषय काढायचा, बाईमाणूस एकटं, तरुण, शेजार कसा आहे रे तुमचा, असं. लोक हसायचे. हसणाऱ्यांत नूरुद्दीन नव्हता, पण त्याला नीट ऐकूही जात नव्हतं.

दौलत गप्प राहायचा. त्याचा पासपोर्ट यार्डाच्या ऑफिसातल्या कपाटात, आणि वासुदेवच्या एका शब्दावर व्हिसा कॅन्सल होऊन पुन्हा यायला बॅन बसू शकतो हे सगळ्यांनाच माहीत होतं.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात दौलतचे वडील गेले. भावानं देवरुखच्या एसटीडी बूथवरून यार्डाच्या ऑफिसात फोन केला. फोन वासुदेवनं घेतला. त्या आठवड्यात बेकझानच्या गाड्या बोटीवर चढायच्या होत्या आणि हीटर बसवायचे बाकी होते. वासुदेवनं फोन ठेवला आणि बाहेर येऊन दौलतला म्हणाला, "यल्ला, हात चालव." पूर्ण आठवडा दौलत त्याच्या समोर काम करत होता, त्याच्याच शेजारी बसून जेवत होता. शेवटची गाडी बंदरावर गेली त्या संध्याकाळी चहा पिता पिता वासुदेवनं सांगितलं.

दौलतला आधी कळलंच नाही. मग त्यानं विचारलं, कधी. वासुदेवनं वार सांगितला.

"मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू गेला असतास तर म्हातारा उठून बसला असता काय?" वासुदेव म्हणाला आणि उरलेला चहा वाळूत ओतला.

दौलत कॅम्पावर आला आणि डोकं भादरून घेतलं. कात्री धरायला नूरुद्दीन बसला. केस कापताना त्यानं दौलतचं डोकं एका हातानं घट्ट धरून ठेवलं होतं.

त्याच खेपेच्या गाड्यांनी पुढचं सगळं घडवलं. थंड देशाच्या गाडीत साधं पाणी चालत नाही, ते गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. तिथं न गोठणारं कूलंटच भरावं लागतं. ते पिंपातून यायचं, हिरव्या रंगाचं. हीटर बसवून झाला की गाडी दौलतच्या हातून जायची आणि कूलंट भरायचं काम वासुदेवनं स्वतःकडं ठेवलं होतं. तो नळाचं पाणी भरायचा, त्यात हिरवा रंग टाकायचा आणि पिंपं बाहेरच्या बाहेर विकायचा. दौलतला संशय होता. एकदा बोटाला लागलेला थेंब त्यानं जिभेला लावून पाहिला होता. कूलंट गोडसर लागतं, हे नुसतं पाणी होतं. पण तो बोलला नाही. मरू देत तिकडचे, असं काहीसं त्याच्या मनात तेव्हा आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बेकझान आला. गाड्यांचे ब्लॉक फुटले होते, आणि एक ड्रायव्हर बंद पडलेल्या गाडीत, गावापासून लांब, बसल्या जागी गोठून मेला होता. त्याचा फोटो बेकझाननं यूनुसभाईंच्या टेबलावर ठेवला. यूनुसभाईंनी वासुदेवकडं पाहिलं. वासुदेव शांतपणे म्हणाला की हीटर दौलत बसवतो, भोकाची कड नीट घासत नाही, गळती होते आणि लोक वाटेत पाणी भरतात. दौलत दारातच उभा होता. त्यानं तोंड उघडलं, पण यूनुसभाईंनी हातानंच थांबवलं. त्यांना कोण चुकलं यापेक्षा गिऱ्हाईक टिकवायचं होतं.

बेकझान म्हणाला, मला इथं थंडीत गाडी सुरू करून दाखवा, तर पुढचा माल घेईन.

ऑगस्ट महिना, बाहेर शेहेचाळीस डिग्री. थंडी आणायची कुठून? यूनुसभाईंनी देरा भागात खाडीजवळ एक मासळीचं कोल्ड स्टोअर दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतलं. माल निघून गेला होता, खोली रिकामी होती, आत उणे वीस. लोखंडी सांगाड्यावर एक ट्रकचं इंजिन चढवलं, शेजारी बॅटरी, आणि फोर्कलिफ्टनं ते आत ठेवलं. त्या इंजिनात मात्र खरं कूलंट भरलं होतं, यूनुसभाईंनी उभं राहून भरून घेतलं. आदल्या संध्याकाळी प्लग लावून सगळे परत आले.

सकाळी वासुदेव, दौलत आणि नूरुद्दीन पिकअपनं तिथं पोचले. वाटेत एसी बंद होता. घामानं दौलतचा बॉयलर सूट पाठीला चिकटला होता. कोल्ड स्टोअरच्या दाराशी एक जाड, रुई भरलेला कोट खुंटीला टांगलेला होता. दौलतनं तो घेतला. वासुदेवनं त्याच्या खांद्यावरून काढून आपल्या काखेत धरला.

"गिऱ्हाइकाला लागेल. तू आत जा, बॅटरीची टर्मिनलं घट्ट कर, ब्लॉकला हात लावून बघ कोमट आहे का."

दौलत आत गेला. पहिला श्वास घेतल्याबरोबर नाकातले केस टाचण्यांसारखे टोचायला लागले. ब्लॉक हीटरच्या बाजूनं चांगला कोमट होता. ते पाहून, खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं. टर्मिनल घट्ट करताना पाना सारखा बोटांना चिकटत होता. काम संपवून तो दाराकडं वळला तर दार लावलेलं होतं.

आतून उघडायचा दांडा होता, पण तो नुसताच गरगर फिरत होता. त्याचा खिळा कधीचा तुटलेला. दौलतनं दार ठोठावलं. जाड दार, आवाज बाहेर जात नव्हता. बाहेर नूरुद्दीनला वासुदेवनं डिझेलचा कॅन आणायला पाठवलं होतं, आणि तो स्वतः पिकअप घेऊन बेकझानला हॉटेलातून आणायला निघाला होता. निघताना त्याला कोल्ड स्टोअरच्या वॉचमननं विचारलं, तुमचा माणूस आत आहे ना. वासुदेव हसला. "त्याला थंडी खायची हौस आहे. राहू दे जरा." हे त्या वॉचमननंच नंतर नूरुद्दीनला सांगितलं.

हॉटेलात यूनुसभाईही आले होते. बेकझान नाश्ता करत होता. वासुदेव त्यांच्याबरोबर बसला, त्यानं ऑम्लेट मागवलं; हे यूनुसभाईंच्या ड्रायव्हरनं नंतर कॅम्पावर सांगितलं.

आत दौलतचा घामानं भिजलेला सूट पुठ्ठ्यासारखा कडक झाला. डाव्या हातानं तो दांडा ओढत राहिला. घामाच्या ओलीनं हात दांड्याला चिकटला आणि ओढून काढला तेव्हा तळव्याचं कातडं तिथंच राहिलं. दुखलं नाही, याचीच त्याला भीती वाटली. पाय जड झाले. बसावं, थोडं टेकावं असं वाटायला लागलं. फोटोतला ड्रायव्हर बसलेलाच होता. तो इंजिनाकडं गेला, हीटरच्या बाजूला छाती, पोट आणि उजवा हात लावून त्या ब्लॉकला मिठी मारली आणि तसाच उभा राहिला. डावा हात बाहेर होता, कारण दोन्ही मावत नव्हते. त्यानं नर्मदेचं नाव घेतलं नाही, देवाचंही नाही. तो मोठ्यानं, ओळखीच्या सगळ्या शिव्या क्रमानं वासुदेवला देत होता, आणि शिव्या संपल्या की पहिल्यापासून सुरू करत होता. त्यामुळंच झोप लागली नाही.

नूरुद्दीन परत आला तेव्हा दाराला बाहेरून खीळ होती. वॉचमन म्हणाला, आत माणूस आहे. नूरुद्दीननं कॅन टाकला आणि खीळ काढली. दौलतला इंजिनापासून सोडवायला त्याला जोर लावावा लागला. बाहेर उन्हात, तापलेल्या फरशीवर त्याला बसवलं तर तो थरथरतही नव्हता. डाव्या हाताची बोटं पांढरीफटक, मेणबत्तीसारखी, टणक. नूरुद्दीननं ती आपल्या कुडत्यात, पोटाशी धरली.

तेवढ्यात पिकअप आणि यूनुसभाईंची गाडी आली. यूनुसभाईंनी दौलतकडं पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं. वासुदेव म्हणाला, काही नाही, थोडा गार पडलाय. "पहले इंजिन," यूनुसभाई म्हणाले. बेकझान कोट घालून आत गेला. वासुदेवनं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आतून टाळी वाजल्याचा आवाज बाहेर आला. बेकझाननं तिथंच चाळीस गाड्यांची ऑर्डर दिली. बाहेर येताना मात्र तो दौलतजवळ थांबला, त्याचा हात पाहिला, आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं यूनुसभाईंना आपल्या भाषेत काहीतरी जोरानं सांगितलं. यूनुसभाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी वासुदेवला सांगितलं, हॉस्पिटलात ने.

वाटेत वासुदेवनं गाडी कडेला घेतली. मागं वळून, अगदी शांतपणे, त्यानं दौलतला समजावलं. पोलीस केस झाली तर तू आधी आत जाशील. पासपोर्ट माझ्या हातात आहे. पोरीचं शिक्षण आहे, घराचा स्लॅब टाकायचाय. नीट विचार कर.

डॉक्टर भारतीयच होता, तरुण. हात पाहून तो चक्रावला. ऑगस्टमध्ये, इथं, फ्रॉस्टबाइट? वासुदेवनं हिंदीत सांगितलं की हा फार आळशी आहे, गरमी सहन होईना म्हणून कोल्ड स्टोअरमध्ये जाऊन झोपला. डॉक्टरला हसू आलं. त्यानं ते दाबलं नाही. मग दौलतला विचारलं, खरं का?

दौलतनं मान हलवली.

बोटं आधी फोडांनी फुगली, मग निळी, मग काळी झाली. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं अशी तीन बोटं मुळापासून काढली. तर्जनीचं टोक गेलं. वॉर्डातले लोक त्याला 'एसीवाला' म्हणायचे.

पुढच्या वर्षी तो सुट्टीवर गेला. नर्मदेनं हात पाहिला आणि पदरानं तोंड झाकून आत निघून गेली. रात्रीपर्यंत ती सावरली, त्याच्या ताटात भात वाढताना तिनं तो हात मुद्दाम धरला. रंजिता सात-आठ वर्षांची झाली होती. त्यानं डाव्या हातानं पुढं केलेला खाऊ ती घेईना. उजव्या हातानं दिल्यावर घेतला. तिला कुणी काही बोललं नाही. दौलतनं घरात डावा हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली. गावात त्यानं सांगितलं, मशीनमध्ये गेला.

यार्डात हीटरचं काम आता दुसऱ्यांकडं गेलं होतं. दौलत चहा करायचा, गेट उघडायचा, गाड्यांवरची वाळू झटकायचा. यूनुसभाईंनी त्याला काढला नाही, याबद्दल तो त्यांचे आभार मानायचा आणि नंतर स्वतःवरच चिडायचा. वासुदेव त्याच्याशी पहिल्यापेक्षा गोड वागायला लागला होता. ते जास्त असह्य होतं.

दोन हजार सालच्या सुरुवातीला बेकझान एका सकाळी न सांगता आला. बंदरावर जायला निघालेल्या रांगेतल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण त्यानं उघडलं, बोट बुडवून तोंडात घातलं आणि थुंकला. मग दुसरी, तिसरी. सगळ्यांत पाणी. यूनुसभाई घरून निघाले होते. ते यायच्या आत वासुदेव चहाच्या खोलीत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पुढच्याच महिन्यात, लांज्याला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"दौलत, पाणी तू भरलंस म्हण. चुकून. तुला कळलं नाही म्हण. यूनुसभाई तुला काही करणार नाहीत." दौलत चहा गाळायला लागला तसा तो पुढं म्हणाला, "तुझं आता काय जायचं राहिलंय? तीन बोटं तर गेलीच."

दौलतनं चहा गाळून झाल्यावर गाळणं धुतलं.

ऑफिसात यूनुसभाईंनी विचारलं तेव्हा दौलतनं सगळं सांगितलं. पाणी, रंग, पिंपं कुणाला विकली, कधीपासून. मग तो कोल्ड स्टोअरचं सांगायला लागला. यूनुसभाई म्हणाले, वह छोड़ो, पुरानी बात है. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

वासुदेवचा व्हिसा त्याच दिवशी कॅन्सल झाला. नोकरीच्या वर्षांचे पैसे, हिशोब, काहीच मिळालं नाही. मुलीचं लग्न मोडलं असं नंतर कळलं. त्याला एअरपोर्टवर सोडायला यूनुसभाईंनी दौलतलाच पाठवलं, ड्रायव्हरबरोबर. वासुदेव बॅग मांडीवर घेऊन बसला होता. टर्मिनलच्या दाराशी तो म्हणाला, "दार मी मुद्दाम लावलं नव्हतं रे. गार बाहेर जाऊ नये म्हणून लावलं, आणि विसरलो."

"ऑम्लेट खाताना आठवलं नाही?" दौलतनं विचारलं.

वासुदेवनं बॅग उचलली. मग आत गेला. त्या दुपारी दौलत कॅम्पावर गाढ झोपला. इतकी चांगली झोप त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती, आणि जाग आल्यावर त्याला त्याची लाजही वाटली नाही.

यूनुसभाईंनी त्याला फोरमन केलं. कूलंटची पिंपं त्याच्या ताब्यात. तीन बोटांशिवाय हीटर बसवता येत नव्हता, पण दुसऱ्याचा हात चासीमागं असताना तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, टेकलंय, मागं घे. काम चोख व्हायचं. बेकझानची एकही गाडी परत आली नाही. दौलत चांगल्या खोलीत राहायला गेला. त्याच्या बोलण्यात हळूहळू एक धार आली. कुणी बसलेला दिसला की त्याच्या पेटीला लाथ मारायचा. कुणाला वेळ लागला की सगळ्यांसमोर त्याच्या आईबापांना मध्ये आणायचा. डाव्या हातानं तो माणसाच्या छातीवर टोचून बोलायचा, त्या तुटक्या बोटानं, आणि समोरचा मागं सरकला की त्याला बरं वाटायचं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात शिपमेंट अंगावर आली होती. राजापूरकडचा सूर्यकांत म्हणून एक फिटर होता, चाळिशीचा, पोरंबाळं असलेला. दौलतनं त्याला गरम इंजिनाचं कूलंट काढायला लावलं. सूर्यकांत म्हणाला, जरा थंड होऊ द्या, भाऊ. दौलत म्हणाला, तुझ्या घरी थंड कर. कूलंटचा प्लग सुटला तसं उकळतं पाणी सूर्यकांतच्या छातीवर आणि मानेवर आलं. तो जमिनीवर लोळला. लोक धावले.

दौलत तिथंच उभा होता. "नळाखाली धरा," तो म्हणाला. "आणि दुसरा कुणीतरी घ्या या गाडीवर. बोट थांबणार नाही."

नूरुद्दीन वेल्डिंग सोडून आला. त्यानं सूर्यकांतला उचलून पिकअपमध्ये घातलं. चावी मागायला तो दौलतसमोर उभा राहिला. आता त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं.

"उस दिन मैंने दरवाजा खोला था," तो म्हणाला. "नहीं खोलता, तो अच्छा था."

दौलतनं चावी दिली. नूरुद्दीन गाडी घेऊन गेला. दौलतनं रांगेतल्या पुढच्या ट्रकाचं बॉनेट उघडायला सांगितलं आणि बाकीचे, एकमेकांकडं न बघता, कामाला लागले. शिपमेंट वेळेवर गेली.

सूर्यकांत जगला. मान एका बाजूला आखडली आणि तो गावी गेला. दौलत त्याला हॉस्पिटलात भेटायला एकदा गेला होता, पण वॉर्डाच्या दारातून परत फिरला. पुढच्या वर्षी यूनुसभाईंनी यार्ड विकलं आणि दौलतही कायमचा घरी निघाला. सामान बांधून झालं, टॅक्सी आली. जुनी माणसं कॅम्पाच्या दाराशी जमली, कुणी हात मिळवला, कुणी नाही. नूरुद्दीन आत खाटेवर होता. त्याला टॅक्सीचा हॉर्न ऐकू गेला नसेल म्हणून दौलत त्याच्या खोलीपर्यंत गेला, ऐकू येतं त्या बाजूला उभा राहिला आणि हाक मारली. नूरुद्दीननं डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा पडून राहिला.